उलटा फेरा

“मी नियम पाळला. त्यात माझं काय चुकलं, एवढंच सांगा.”

पाहुणा पायरीवरच उभा होता. चपलाही काढल्या नव्हत्या. अंगावर रेशमी शाल. गाडी आमच्या गोठ्यापुढे आडवी लावलेली.

केवलस्वामी शेंगा सोलत होते.

“आधी बस, नरहरी,” ते म्हणाले. “मालनबाई, चहा टाकता?”

स्वामी आमचे शेजारी, भिंतीला भिंत. चहाचं मला सांगावं लागत नाही. गाडी दिसताच मी आधण ठेवून आले होते. त्यांचं बोलणं ऐकायचं चुकायला नको.

नरहरीचं नाव मी ऐकून होते. वर रानात जुना मठ आहे, तिथला हा स्वामींचा शिष्य. आता मठात कोणी राहत नाही. छप्पर बसलंय, ओवरीत उंबर उगवलाय. मठाच्या टेकडीला वळसा घालणारी वाट तेवढी चालू आहे. तिच्यावर पाटीसुद्धा लागली, ‘वर्तुळाकार पायवाट, मध्यम अवघड’. रविवारी शहरातली माणसं काठ्या घेऊन येतात, फोटो काढतात आणि जातात.

पूर्वी तो फेरा शिष्य घालायचे. मठ उजव्या हाताला ठेवायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. मागे वळून बघायचं नाही. संध्याकाळी मठात दिवा लागला की मौन सुटायचं, शिष्यांचं आणि स्वामींचंही.

“त्या दिवशी फेऱ्यात वासू माझ्यामागे होता. त्यानं हाक मारली,” नरहरी म्हणाला. “दोनदा. मला वाटलं, दमला असेल, माझंही मौन मोडायला बघतोय. त्याला साप चावलाय हे मला कसं कळणार?”

स्वामी शेंगा सोलत राहिले.

“सगळ्या शिष्यांत मौन कधीच न मोडणारा मी एकटा. आज माझ्या प्रवचनाला माणसांना बसायला जागा नसते. नियम म्हणजे काय, ते मी त्यांना सांगतो.”

“मग इथे कशाला आलास?”

…

“प्रवचन चालू असताना मागून कोणी कोणाला हाक मारली,” तो हळू म्हणाला, “की मला पुढचं आठवत नाही.”

स्वामींनी टरफलं झटकली आणि उठले.

“चल. फेरा घालू.”

चहा राहू दिला, आधण उतरवून आले आणि मीही पदर खोचला. मला कोणी बोलावलं नव्हतं. परत जा, असंही कोणी म्हटलं नाही.

परड्यामागचा चढ चढलो की वाट दोन्हीकडे फुटते. नरहरी सवयीनं मठ उजवा धरून वळला. स्वामी दुसऱ्या बाजूला वळले.

“गुरुजी, ही उलटी बाजू.”

“हो.”

गाव म्हणतं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. मठ रिकामा झाल्यापासून स्वामी रोज उलटाच फेरा घालतात, आणि वर सारखे बोलत असतात.

“इथे निसरडं आहे, पाय जपून. यंदा करवंदं कमीच. मालनबाई, गुडघा काय म्हणतो?”

“म्हणतोय, घरी बसायचं सोडून कुठे निघालीस.”

स्वामी हसले. नरहरी तोंड मिटून, ताठ मानेनं चालला होता.

मठाच्या दारावरून गेलो. पुढे ओढ्याच्या अलीकडे काळा कातळ आहे. वासू तिथे सापडला होता. स्वामी थांबले.

नरहरी कातळापाशी गेला.

“मी त्या दिवशी मागे फिरलो असतो, तर तो वाचला असता?”

मी मनात म्हटलं, नाही म्हणा, स्वामी. एवढं एक खोटं बोललात तर काय बिघडणार आहे?

“वाचला असता.”

…

नरहरीची शाल खांद्यावरून घसरली. त्यानं ती उचलली नाही.

“मग तेव्हाच का नाही बोललात? इतकी वर्षं…”

“तू आलास तेव्हा मी दारातच उभा होतो. गेले दोघं, आला एक. मला दिसलं होतं.”

“मग?”

“दिवा लागायचा होता.”

ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

“नियम तुमचा होता,” नरहरी म्हणाला.

“माझाच.”

“मला प्रायश्चित्त द्या. उपास सांगा. जन्मभर मौन धरायला सांगा. काहीही सांगा!”

स्वामी वळले. पुढे चालू लागले, आणि या खेपेला गप्प.

त्यांच्यामागे नरहरी, त्याच्यामागे मी. चढ लागला आणि माझ्या गुडघ्यानं दगा दिला. दगडाला धरून मी खालीच बसले. हाक मारायची नव्हती मला. त्या जागेपासून इतक्या जवळ तर मुळीच नाही. पण तोंडातून गेलंच, “आई गं…”

नरहरी थांबला.

पाठ माझ्याकडे, खांदे ताठ. मला वाटलं, जातोय हा पुढे.

…

मग तो वळला. चढ उतरून धावतच माझ्यापाशी आला.

“मावशी, फार लागलं का? हात द्या. माझ्यावर भार टाका सगळा.”

“अरे, काही नाही. मेले नाही मी अजून,” मी म्हटलं, आणि जीभ चावली.

तो माझ्याजवळ मातीतच बसला. माझा हात न सोडता त्यानं मान खाली घातली. पाठीवरून हात फिरवायचं सोडून मला तरी काय येत होतं?

वर वळणावर स्वामी उभे होते, आमच्याकडे तोंड करून.

“एवढंच होतं रे,” ते म्हणाले. “एवढंच.”