मोठ्या बाईंची जागा

पाखरांच्या राज्यात उडायला शिकवणारी एकच शाळा होती आणि ती एका उंच शिळेच्या पायथ्याशी भरत असे. शिळेच्या माथ्यावर मुख्याध्यापक बसत. ससाणा नेहमी पलीकडच्या दरीतून येई आणि दरी फक्त माथ्यावरूनच दिसे.

मुख्याध्यापक असलेला म्हातारा मोर वारला, तेव्हा शाळा टिटवीच्या गळ्यात पडली. कोणत्या पिल्लाचा कुठला पंख दुबळा आहे, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पंचांनाही ते मान्य होतं. मात्र शिळेचा विषय निघाला की पंचांचे प्रमुख बगळेकाका डोळे मिटून घेत.

"सध्या प्रभारी म्हणून सांभाळा, टिटवीबाई," ते म्हणाले. "वर मोरसाहेबांचं पीस राहू दे. बाईमाणसानं सगळ्यांच्या डोक्यावर बसणं बरं दिसत नाही. त्यात तुमचा आवाज अशुभ मानतात. रागावू नका हं."

टिटवीला संताप आला होता. पण पिल्लं ताटकळली होती, म्हणून ती खालीच बसली. रोज सकाळी ती वर जाऊन खड्याखाली दाबलेल्या पिसाची धूळ झटकी, खाली येई आणि हजेरी घेई. अंड्यांपायी उशीर झाला तर पंच म्हणत, संसार आड येतो. लवकर आली तर म्हणत, घराकडे लक्ष नाही वाटतं.

एका दुपारी पिल्लांवर सावली पडली. टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडली, पण तोवर साळुंकीचं धाकटं पिल्लू ससाण्याच्या पंजात होतं. टिटवी ढसाढसा रडली. ते पिल्लू कालच पहिल्यांदा उडालं होतं.

संध्याकाळी पंच जमले.

"वर कोणी बसलेलं असतं, तर दिसलं असतं," टिटवी म्हणाली.

"तेच तर म्हणतोय," बगळेकाका हळहळले. "वर मोरसाहेब असते, तर!"

नवा मोर शोधायचं ठरलं. तो मिळेपर्यंत शाळा टिटवीनंच सांभाळायची होती.

ती घरी परतली, तेव्हा अंगणात पिल्लं शाळा-शाळा खेळत होती.

"मी मोठ्या बाई!" तिची लेक ओरडली.

लेकीनं एक उंचसा दगड शोधला. त्यावर गळून पडलेलं पीस ठेवलं, ते खड्यानं दाबलं, पंखानं त्याची धूळ झटकली. मग ती खाली मातीत बसली आणि हजेरी घेऊ लागली.