रावबा आणि सुगंधाच्या उवा

एका गावात एक भोळा दोर वळणारा होता. नाव रावबा. दोर असा वळायचा की बैल ओढून दमावा. पण कुणी काही सांगितलं, की जेवढं सांगितलं तेवढंच करायचा. आणि तसंच.

त्याची बायको हौसा. मुलगी सुगंधा, तिसरीत शिकणारी. सुगंधाचे केस कमरेपर्यंत होते. शेजारीच रावबाचा थोरला भाऊ राहायचा. त्याच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि सुगंधा करवली होणार होती. वेणीत शेवंती माळायची, हे तिनं आत्ताच ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात हौसाच्या आईचा पाय मोडला. हौसा माहेरी निघाली. एसटीत चढता चढता म्हणाली, "अहो, मी थेट लग्नालाच येईन. पोरीला सांभाळा. तिच्या केसालाही धक्का लागता कामा नये!"

"नाही लागणार," रावबा म्हणाला.

आणि नाही लागू दिला. आठ दिवस त्यानं सुगंधाच्या केसांना कंगवा लावला नाही. तेल नाही, पाणी नाही. ती स्वतः विंचरायला बसली की कंगवा काढून घ्यायचा. वारा सुटला की तिच्यापुढे घोंगडं धरून चालायचा.

नवव्या दिवशी सुगंधा दोन्ही हातांनी डोकं खाजवू लागली. शाळेतल्या शेवाळेबाईंनी तिची बट उचलून पाहिली आणि रावबाला बोलावून घेतलं.

"रावबा, हिच्या डोक्यात उवा झाल्यात."

"होणार नाहीत बाई. मी धक्कासुद्धा लागू दिला नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग समजावलं, "उवा कुणालाही होतात. यात पोरीचा दोष नाही. पण विंचरलं नाही तर कळत नाही आणि वाढत जातात. उद्या रविवार आहे. उन्हात बसा. केसांना तेल लावा, फणी घ्या, मुळापासून शेंड्यापर्यंत विंचरा. लिखा फार बारीक असतात. डोळ्यांत तेल घालून बघा."

दुसऱ्या दिवशी रावबानं सुगंधाला अंगणात बसवलं. फणी हातात घेतली. मग वाटीतलं खोबरेल तेल बोटानं घेतलं आणि दोन्ही डोळ्यांत घातलं. सगळं जग धूसर झालं.

"आबा, टॉवेल आणते," म्हणून सुगंधा आत गेली. तेवढ्यात शेजारच्या पारूमावशीची शेळी येऊन त्याच जागी उभी राहिली.

रावबानं विंचरायला सुरुवात केली. मुळापासून शेंड्यापर्यंत.

"केस किती राठ झालेत गं तुझे!"

"बें," शेळी म्हणाली.

"रडू नको बाळ. झालंच."

पारूमावशी ओरडत आल्या तेव्हा शेळीच्या शेपटीला लाल रिबीन बांधून झाली होती.

"अहो, डोळे आहेत की भोकं? कुणालाही धरून काय विंचरता! आधी नीट विचारावं, तू कोण म्हणून. मगच हात लावावा."

"चुकलंच माझं," रावबा म्हणाला. त्यानं डोळे धुतले आणि सुगंधाला बसवलं. पहिल्याच बटेत एक ऊ निघाली. रावबानं ती तळहातावर घेतली.

"तू कोण?"

ऊ काही बोलली नाही. रावबानं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिला जिथून काढली तिथेच परत ठेवली. दुसरी निघाली. तिलाही विचारलं. संध्याकाळपर्यंत त्यानं बेचाळीस उवांना विचारलं. एकीनंही नाव सांगितलं नाही.

सुगंधाला रडू फुटलं. "आबा, काकू म्हणते वस्तरा फिरवावा लागेल. तुळतुळीत डोक्याची करवली कुठे असते का?"

रावबाचं काळीज हललं. तो तसाच पारूमावशींकडे गेला.

"मावशी, उवा बोलत नाहीत."

मावशींनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "विचारत बसू नका! ऊ निघाली की पाण्यात बुडवा. आणि डोक्याला लागलेलं जे जे असेल, उशीची खोळ, रिबीन, टॉवेल, ते सगळं कढत पाण्यात टाका. विचारायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी दुपारी रावबानं चुलीवर हंडा चढवला. खोळी टाकल्या. रिबिनी टाकल्या. टॉवेल टाकला.

त्या दिवशी भावाकडे नवऱ्या मुलाचे वडील आले होते. याद्या व्हायच्या होत्या. घरात पाहुण्यांची गर्दी, म्हणून व्याही जरा पडायला रावबाच्या ओसरीवर आले. केशरी फेटा काढून उशाशी ठेवला आणि घोरू लागले.

रावबानं फेट्याकडे पाहिलं. डोक्याला लागलेला होता. विचारायचं नव्हतं.

व्याही उठले तेव्हा फेटा हंड्यात उकळत होता. फेटा पांढरा झाला होता आणि उशीच्या खोळी केशरी.

"हे काय केलंत?"

"काळजी करू नका," रावबा म्हणाला. "आता त्यात एकही जिवंत नसेल."

व्याही बोडक्यानंच गेले. याद्या तशाच राहिल्या. भावानं चार दिवस हातापाया पडून, नवा फेटा नेऊन ते प्रकरण मिटवलं.

शेवटी शेवाळेबाई स्वतः घरी आल्या. रावबाला समोर बसवलं आणि सावकाश सांगितलं.

"नीट ऐका. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की एका डोक्यावरून दुसऱ्यावर चालत जाते. म्हणून दोन डोक्यांमध्ये अंतर ठेवायचं. आणि एकदा करून भागत नाही. मागे राहिलेल्या लिखा फुटतात. म्हणून आठ दिवसांनी पुन्हा करायचं."

मग त्यांनी करून दाखवलं. ओल्या केसांचे भाग पाडले. खांद्यावर पांढरं फडकं टाकलं. दर वेळी फणी फडक्यावर पुसून पाहिली.

आणि एक नवल झालं. रावबाला हे जमलं. एकेक पेड वेगळा करायची त्याच्या हातांना जन्माची सवय. तो रोज उन्हात बसून विंचरू लागला. न ओढता, न दुखवता. सुगंधा त्याच्या पुढ्यात बसून पाढे म्हणायची. आठ दिवसांनी त्यानं सगळं डोकं पुन्हा मन लावून विंचरून काढलं. पारूमावशींनी तपासलं. ऊ नाही, लीख नाही. वस्तरा टळला.

लग्नाच्या दिवशी सुगंधा वेणीत शेवंती माळून, कलश घेऊन उभी राहिली. रावबाची मान ताठ झाली. भावालाही भरून आलं. तो म्हणाला, "रावबा, झालं गेलं विसरू. अंतरपाटाचं एक टोक तू धर."

रावबानं टोक धरलं. अलीकडे नवरी, पलीकडे नवरा. मधे कापड. रावबाला ते फार पटलं. अंतर ठेवायचा पाट. नावातच होतं.

मंगलाष्टका झाल्या. "सावधान" झालं. भटजी म्हणाले, "अंतरपाट सोडा."

दुसऱ्यानं टोक सोडलं. रावबानं सोडलं नाही.

"अहो, सोडा!"

"कसा सोडू? डोक्याला डोकं लागेल."

"अहो, लग्न आहे ते!"

"लग्नातच जास्त लागतात," रावबा म्हणाला.

एकानं कापड हिसकावून ओढलं. समोर नवरानवरीनं हार घालायला एकमेकांकडे माना झुकवल्या. डोकी जवळ आली. रावबाला दुसरं काही सुचलं नाही. त्यानं आपलं डोकं मधे घातलं.

नवरीची नजर लाजेनं खाली होती. तिनं हार घातला. नवऱ्याच्या मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या होत्या. त्यानंही घातला. वाजंत्री वाजली. मांडवभर अक्षता पडल्या.

दोन्ही हार रावबाच्या गळ्यात.

वाजंत्री थांबली. व्याह्यांनी नवा फेटा घट्ट धरला. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि मटकन खाली बसले.

"मुहूर्त गेला! आता काय करायचं?"

रावबानं गळ्यातले हार नीट केले आणि म्हणाला,

"एकदा करून भागत नाहीच, भटजी. आठ दिवसांनी पुन्हा करायचं."