मथुराबायचं जाळं

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा खाजणवेळच्या बंदरात शिडाच्या होड्या होत्या, जाळी सुताची होती आणि ती घरोघरी बायका विणत. त्या बायकांत मथुराबाय म्हणून एक होती, होडीचा म्होरक्या लखमा तांडेल याची सून. गाठ मारताना ती दोऱ्याला उलटा पीळ देई, त्यामुळे ढिगातूनही तिचं जाळं ओळखू येई. तिची गाठ सुरीनं कापली जाई, पण सुटत नसे. त्या जाळ्यात शिरलेला मासा पुन्हा दर्या बघत नसे, असं म्हणतात.

एका वर्षी पावसाळा सरल्यावर पहिल्याच फेरीला तिचा नवरा हासू वादळात सापडला. जाळं पाण्यात, वारा उलटा, होडी आडवी व्हायला लागली. हासूनं कोयता उचलला आणि जाळ्याचा दोर तोडला. होडी वाचली.

घरी येऊन तो म्हणाला, "जाळं गेलं गो."

"तुम्ही आलात ना," मथुराबाय म्हणाली आणि नव्या जाळ्याचं सूत काढून बसली.

जाळं हरवणं बंदराला नवं नव्हतं. दरसाल कुणाचं ना कुणाचं जाई. दर्यानं घेतलं ते दर्याचं, असं म्हणून लोक गप्प बसत. कुठं गेलं तेही कुणी सांगत नसे, कारण जाळं घालवून येणं तांडेलाला कमीपणाचं वाटे.

पण त्या साली काहीतरी बिघडलं. मासळी मिळेनाशी झाली. किनाऱ्याला मेलेले मासे लागू लागले, काही तर नुसते सापळे. कुणी म्हणे वेळादेवी कोपली, कुणी म्हणे पलीकडच्या गावानं काहीतरी केलं. मथुराबाय सगळ्यांचं ऐकून घेई आणि तिला प्रत्येकाचं खरं वाटे.

मग एके सकाळी वाळूत एक मोठं कासव आलं. त्याच्या मानेत जाळ्याचा तुकडा रुतला होता. मथुराबाय तो कापायला वाकली आणि तिचा हात थांबला. गाठीला उलटा पीळ होता.

कासव सोडवून ती घरी आली. "आपलं जाळं अजून धरतंय," ती हासूला म्हणाली. "ओढायला कुणी नाही, खायला कुणी नाही. मग ते धरतंय कुणासाठी?"



त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचा भाऊ जोमा गेला. वारा नव्हता, वादळ नव्हतं. खडपाजवळ, पाण्यातल्या खडकांपाशी, त्याच्या होडीचं सुकाणू पाण्याखाली कशात तरी अडकलं, होडी जागच्या जागी फिरली आणि लाटेनं उलटली. सोबतचे पोहत आले. जोमा आला नाही. होडी किनाऱ्याला ओढली तेव्हा सुकाणूला जाळ्यांचा एक गुंता गुंडाळलेला होता. मथुराबायनं तो मांडीवर घेतला आणि एकेक गाठ चाचपली. काही गाठी तिच्या होत्या, काही दुसऱ्या कुणाच्या. सुकाणू नेमकं कुणाच्या गाठीनं धरलं, ते तिला सांगता येईना. जाळं तिनं विणलं, दोर नवऱ्यानं तोडला, होडी भावाची. रागवावं कुणावर, तेच कळेना.

ती वेळादेवीच्या देवळात गेली. दर्यानं घेतलेलं परत मागावं की मागू नये, असा कौल तिनं लावला; गुरवानं देवीच्या अंगाला फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पाकळी पडली तर माग, डावी पडली तर मागू नको. देवीच्या अंगावरून दोन्ही पाकळ्या एकदमच खाली आल्या.

गुरव म्हणाला, "असं कधी झालं नाही. पुन्हा लावू?"

"नको," मथुराबाय म्हणाली. "तिलाही कळत नसेल."

ती सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "मामंजी, विहिरीत घागर पडली तर आपण गळ टाकून काढतो. मग जाळं का नाही काढायचं?"

"विहीर आपली असते, पोरी. दर्या कुणाचा?"

"ते मला नाही ठाऊक. पण जाळं आपलं आहे."

लखमा तांडेलानं विहिरीवरचा लोखंडी गळ काढून आणला आणि त्याला होडीचा जाड दोर बांधला.

बाईनं होडीत पाय ठेवायचा नाही, असा तेव्हा रिवाज होता. मथुराबाय होडीत बसली तेव्हा तिला अडवावं की तिच्या मागून जावं, हे धक्क्यावरच्या कुणालाच ठरवता येईना. शेवटी काही होड्या मागून निघाल्या.

जाळं नेमकं कुठं तोडलं ते हासूला आठवेना. तो एकदा इकडे दाखवी, एकदा तिकडे. तेवढ्यात होडीपुढे एका कासवानं डोकं वर काढलं आणि ते पुढे पोहू लागलं, असं म्हणतात. ते तेच कासव होतं की दुसरं, ते मथुराबायलाही ओळखू आलं नाही. खडपाच्या पलीकडे ते बुडालं. तिथं तिनं गळ सोडला.

गळ कशाला तरी अडकला. ओढताना होडी कलली, तेव्हा बाकीच्या होड्यांनी बाजूला येऊन दोर धरला. जाळं वर येत गेलं आणि येतच राहिलं. एका जाळ्यात दुसरं, त्यात तिसरं. जिवंत कासवं, अर्धमेले मासे, खेकडे सगळे सुटून पाण्यात पडत होते. खूप जुनी, अंबाडीच्या दोराची जाळीही आली. त्यातली एक गाठ लखमा तांडेलानं दोन बोटांत धरली. "ही माझ्या आईची," तो म्हणाला. शेवटचं जाळं निघालं तेव्हा पाणी इतकं निवळलं की तळाची वाळू दिसली, असं म्हणतात.

जोमा त्यात नव्हता. बरं वाटून घ्यावं की वाईट, ते मथुराबायला कळलं नाही. ती दोर गुंडाळत राहिली.

किनाऱ्यावर आल्यावर ती लोकांना म्हणाली, "जाळं गेलं तर इथं येऊन सांगा, कुठं गेलं ते. हसायचं कुणी नाही."

मासळी परतली. मथुराबाय मात्र दरसाल गळ घेऊन जात राहिली, केस पांढरे झाले तरी. एके वर्षी ती एकटीच गेली. संध्याकाळी भरतीबरोबर होडी आपसूक बंदरात आली. ती जाळ्यांनी भरली होती, पण आत मथुराबाय नव्हती. कुणी म्हणतात दर्यानं तिला ठेवून घेतलं, कुणी म्हणतात ती तळाशी बसून गाठी सोडवते आहे, कुणी म्हणतात तिला जोमा सापडला. कुणाचं खरं, ते खाजणवेळला आजही ठरलेलं नाही.

आता होड्यांना इंजिन आहे आणि जाळी नायलॉनची आहेत. तरी खाजणवेळचा माणूस जाळं पाण्यात सोडण्याआधी त्याला पांगाऱ्याच्या लाकडाचा, घरची खूण कोरलेला ठोकळा बांधतो. तो तरंगत राहतो, म्हणजे जाळं कुठं आहे ते कळतं. कुणाचं जाळं गेलं तर तो धक्क्यावर येऊन जागा सांगतो आणि कुणी हसत नाही. हंगाम संपला की एक दिवस सगळ्या होड्या जाळ्यांशिवाय, नुसते गळ घेऊन निघतात. त्या दिवशी बायकाही होडीत बसतात. जे सापडेल ते वाळूत पसरतात आणि ज्याचं त्यानं ओळखून न्यायचं.

दरसाल काही जाळी तशीच उरतात. कुणाची, कुठली, कधीची, काही समजत नाही. ती मथुराबायची, असं म्हणून सगळ्या बायका वाळूत गोल करून बसतात आणि दिवस मावळेपर्यंत त्यांच्या गाठी सोडवतात.