आधी गूळपाणी

नदीकाठच्या एका मठात एक वृद्ध आचार्य ग्रंथभांडार सांभाळत असत. त्यांच्या शिष्याने खपून सगळ्या पोथ्यांची विषयवार मांडणी केली होती. वैद्यकाला हिरवे रुमाल, ज्योतिषाला पिवळे, बांधकामाच्या शास्त्राला तांबडे. कोणी पोथीचे नाव घ्यायचा अवकाश, हा ती काढून हजर! त्याला याचा अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर तो रास्तही होता.

एके दिवशी शेजारच्या गावचे वैद्य धापा टाकीत आले. त्यांच्या गावात ज्वराची साथ होती. मागच्याच आठवड्यात शिष्याने त्यांना ज्वरचिकित्सेची पोथी दिली होती. तिच्यातल्या काढ्यांनी रोगी बरे होत आणि चार दिवसांत पुन्हा अंथरूण धरीत.

"याहून मोठी पोथी द्या. ज्वरावरचीच," वैद्य म्हणाले. "कालपासून माझा मुलगाही तापाने फणफणलाय."

शिष्याने निमिषात हिरव्या रुमालातली जाडजूड पोथी आणली. आचार्यांनी मात्र ती वैद्यांच्या हाती पडू दिली नाही.

"ही जागेवर ठेव. आधी गूळपाणी आण."

शिष्य मनातून चरफडला. तिकडे पोर तापात आणि इथे पाहुणचार! पण गुरूंपुढे बोलणार कोण? त्याने मुकाट्याने पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून ठेवला.

"वैद्यराज, आजारी कोण कोण पडतं? सारा गाव?" आचार्यांनी विचारले.

"नाही, वेशीजवळच्या आळीतलेच. माझंही घर तिथंच."

"आणि टेकडीकडच्या आळीत?"

"तिथं कुणी नाही. ते लोक झऱ्याचं पाणी..." वैद्य बोलता बोलता थांबले. हातातला तांब्या त्यांनी खाली ठेवला. "आमची विहीर! तिला भेग पडलीय, गोठ्यांची घाण आत झिरपते. पण ती शुद्ध कशी करायची, हे मला कुठं येतं?"

आचार्यांनी मागे पाहिले, तोवर शिष्य फडताळाशी पोहोचलाही होता. तांबड्या रुमालातली विहिरीच्या बांधणीची पोथी त्याने वैद्यांच्या हाती दिली. "मुलाला आजपासून झऱ्याचंच पाणी द्या," आचार्य म्हणाले. वैद्य पोथी छातीशी धरून निघाले.

शिष्याला राहवेना. "गुरुजी, त्यांनी मागितली तीच पोथी मी आणली होती. माझं काय चुकलं?"

"अरे, तुझी मांडणी चोख आहे, म्हणून तर विहिरीची पोथी लगेच हाती आली. पण काहीतरी ठाऊक नसतं, म्हणूनच माणूस इथवर येतो. जे ठाऊकच नाही, त्याचं नाव तो कसं घेणार? तो ओळखीच्या पोथीचं नाव घेतो. वैद्य ज्वराचीच पोथी मागणार. म्हणून आधी माणसाची अडचण ऐकावी, मग फडताळ उघडावं."

महिन्याभरात साथ ओसरली. वैद्य पोथी परत करायला आले, तेव्हा त्यांचा मुलगा उड्या मारीत पुढे होता. त्याला पाहून शिष्याचा जीव भांड्यात पडला.

त्यांच्या मागोमाग एक व्यापारी आत आला. "सागरप्रवासाच्या मुहूर्तांची पोथी आहे का हो?"

शिष्याचा हात सवयीने पिवळ्या रुमालाकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"आहे की," तो हसून म्हणाला. "बसा शेठजी. आधी गूळपाणी घ्या."