साळिंदराचा संशय आणि पळसाची पाने

एका जंगलात एक साळिंदर राहत असे. म्हणजे राहत तर होतेच, पण त्याचा बहुतेक वेळ संशय घेण्यात जाई. ससा लवकर उठला, की 'हा कुणाच्या मळ्यात जाऊन आला?' आणि उशिरा उठला, की 'याला एवढी झोप कशाने आली?' मुलांनो, तुमच्याही ओळखीचे असे कुणीतरी असेल. नाव सांगू नका, पण त्याला ही गोष्ट जरूर ऐकवा.

त्याच जंगलात एका मोठ्या वडाखाली म्हाताऱ्या अस्वलाचे इस्पितळ होते. अस्वलाच्या हाताला गुण होता, पण आठवण अगदीच अधू झाली होती. म्हणून प्रत्येक आजाऱ्याचे पळसाचे एक पान असे. त्याला काय झाले होते, कोणते औषध लागू पडले आणि कोणते चालत नाही, हे त्यावर काट्याने टोचून लिहिलेले असे. हरिणीच्या पानावर तर पहिल्याच ओळीत होते, 'हिला बिब्बा चालत नाही. मागे लावला तेव्हा अंगभर सुजून मरता मरता वाचली.' ही पाने वडाच्या खालच्या ढोलीत असत. शिवाय रोज संध्याकाळी मुंग्या येत, सगळ्या पानांच्या नकला उतरवून घेत आणि ओंडक्यावरून ओढा ओलांडून पलीकडच्या खडकाच्या कोरड्या कपारीत नेऊन ठेवत. त्याबद्दल त्यांना रोज टोपलीभर मोहाची फुले मिळत.

साळिंदराला ती टोपली खुपायची. "मुंग्या पलीकडे नेतात काय, ते कुणी पाहिलंय?" ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी. "नकला उतरवतात, की नुसतीच फुलं उचलतात?" पाहून यायला ओढा ओलांडावा लागला असता, आणि तो ओंडका आपल्या वजनाने उलटेल असाही त्याला संशय होता.

हे बोलणे इस्पितळाच्या कारभाऱ्याच्या, म्हणजे कोल्ह्याच्या कानावर गेले. फुलांचा साठा आटत चालला होता आणि आजाऱ्यांच्या लापशीलाही तीच फुले लागत. कोल्हा अस्वलाला म्हणाला, "वैद्यबुवा, तीन वर्षांत ती पलीकडची पानं एकदा तरी लागली का?"

"नाही बुवा."

"मग मुंग्यांना कशाला पोसायचं? याच वडाच्या वरच्या ढोलीत पोपट राहतो. तो चार फुलांत नकला करून तिथंच ठेवील."

अस्वलाने मान डोलावली. मुंग्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. "मग कपारीतली पानं आणून देऊ का?" म्हाताऱ्या मुंगीने विचारले. "राहू द्या तिथंच," कोल्हा म्हणाला. मुंग्या निघून गेल्या.

आता साळिंदराचा संशय कोल्ह्यावर गेला. टोपलीभर फुले वाचतात, मग ती जातात कुठे? तीन महिने ते वडाच्या बुंध्याला पाठ लावून बसले आणि येता-जाता कोल्ह्याच्या मिशांना मोहाचा वास येतो का, ते हुंगत राहिले. वास काही आला नाही, कारण कोल्ह्याने एकही फूल खाल्ले नव्हते. कोल्हा आणि लबाडी नाही, हे तुम्हाला पटणार नाही. मलाही पटायला वेळ लागला. पण वाचलेली फुले खरोखर आजाऱ्यांच्या लापशीत पडत होती. साळिंदर कोल्ह्याकडे डोळे लावून बसले असताना त्याच्या पाठीमागे बुंध्यावर मातीची एक बारीक रेघ वर चढत होती. ती वाळवीची होती.

एके दिवशी सकाळी हरिणीला इस्पितळात आणले. खुरात काटा मोडून पाय सडला होता, ताप चढून तिची शुद्ध हरपली होती. "हिचं पान काढा," अस्वल म्हणाले. कोल्ह्याने खालच्या ढोलीत पंजा घातला. हातात ओलसर माती आणि पानांच्या शिरा आल्या. "वरचं दे रे," तो ओरडला. वरून पोपट हलक्या आवाजात म्हणाला, "इथंही मातीच आहे."

थांबायला वेळ नव्हता. अस्वलाने बिब्बा ठेचायला घेतला. "खुराला बिब्बाच लावतात," ते पुटपुटले, "पण हिला चालतो का, ते कोण सांगेल?"

कोल्ह्याला कपारीतली पाने आठवली. त्याने तसे म्हणताच साळिंदर सवयीने म्हणाले, "मुंग्यांनी ती खरंच ठेवली असतील का, याचा मला संशय आहे."

"मग जाऊन बघ," अस्वल म्हणाले.

इतक्या वर्षांत त्याला असे कुणी म्हटले नव्हते. साळिंदर उठले आणि ओंडक्यावरून धावत सुटले. ओंडका हललासुद्धा नाही. कपारीत पाने एकावर एक, कोरडी, नीट रचलेली होती. साळिंदराने हरिणीचे नाव घेताच म्हाताऱ्या मुंगीने तिचे पान ओढून काढले. साळिंदराने ते तोंडात धरून आणले. अस्वलाने पहिली ओळ वाचली आणि बिब्बा बाजूला सारला. मग त्याने हळद आणि कडुलिंबाचा लेप लावला. तिसऱ्या दिवशी हरिणीने डोळे उघडले.

गेल्या तीन महिन्यांत आलेल्यांची पाने मात्र कुठेच नव्हती. त्यांतल्या मुंगसाचे डोळे पुन्हा आले होते, आणि मागे त्याला कोणता पाला मानवला हे अस्वलाला आठवेना. ते पुन्हा शोधण्यात सात दिवस गेले आणि मुंगसाचा एक डोळा गेला.

कोल्हा मुंग्यांकडे गेला. "परत या," तो म्हणाला, "पण टोपलीभर फुलं मात्र परवडत नाहीत."

"टोपली लागतच नाही," म्हातारी मुंगी म्हणाली. "रोज सगळी पानं उतरवायला तुम्हीच सांगितलं होतं. ज्या पानात फरक पडला तेवढंच उतरवलं, तर मूठभर फुलं पुरतील."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"आमच्याबद्दल सगळे बोलत होते. आम्हाला कुणी विचारलं नाही."

साळिंदर मुंगसाला भेटायला गेले. काय बोलावे ते सुचेना, म्हणून म्हणाले, "मला पहिल्यापासून संशय होताच."

मुंगसाने उरलेल्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिले. "मग उठून बघितलं का नाहीस?"

तेव्हापासून दर पौर्णिमेला साळिंदर स्वतः ओढा ओलांडते, कपारीतले कुठलेही एक पान काढून आणते आणि अस्वलाकडून वाचून घेते.

तात्पर्य : संशय आला तर उठून पाहून यावे. बसल्या जागी घेतलेला संशय आणि बसल्या जागी ठेवलेला विश्वास, दोघांनाही वाळवी सारखीच लागते.