सातही न्यायाधीशांचे एकमत

पूर्वी शूर्पारक बंदरात अरिष्टजित राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी समुद्रापलीकडून येऊन स्थिरावलेल्या यहुद्यांच्या वस्तीत जन्म घेतला. त्यांचे नाव इथामार. वस्तीतले लोक गुरूला रब्बी म्हणत. या रब्बींची पाठशाळा म्हणजे काय सांगावे! हमाल आणि मिठागरातली माणसेसुद्धा तिथे जोडीजोडीने बसत, डुलत डुलत धर्मनियमांवर वाद घालत. वाद रंगात आला की रब्बी ओरडत, "आता बाजू बदला!" मग ज्याने जे खोडून काढले, तेच त्याने मांडायचे.

अमात्य वज्रसेनाला हा गलबला मुळीच खपत नसे. "ज्यांचे आपसात पटत नाही, ते कसला धर्म शिकवणार?" असे तो म्हणे.

एकदा राजाचे गलबत खाडीच्या तोंडाशी खडकावर फुटले. ते हाकणाऱ्या तांडेल पूर्णकाने शत्रूला फितूर होऊन ते मुद्दाम फोडले, असे ठरले. वज्रसेनासह सातही न्यायाधीशांनी एकमुखाने देहदंड सांगितला. पूर्णकाची बायको सभेच्या दाराशी पदर पसरून दया मागू लागली.

तेव्हा गर्दीतून रब्बी पुढे आले. "महाराज, आमच्याकडे सगळेच न्यायाधीश दोषी म्हणाले, तर आरोपीला मारत नाहीत. त्याच्या बाजूने कोणी विचारच केला नाही, असे आम्ही समजतो."

"वा रे न्याय!" वज्रसेन हसला.

राजा म्हणाला, "मग रब्बी, तुम्हीच बोला त्याच्या बाजूने."

"मी नाही. अमात्यांनी बोलावे. पण मनापासून."

"आणि त्यांना काही सुचले नाही तर?"

"तर माझ्या पाठशाळेला कुलूप लावा."

एका शिष्याने रब्बींचा अंगरखा ओढला. रब्बी त्याला म्हणाले, "अरे, एका माणसाचा जीव वाचवता आला नाही, तर एवढे शिकून काय दिवे लावले आपण?"

वज्रसेन उठला. दोन शब्द बोलून हा खेळ उरकावा, एवढेच त्याच्या मनात होते. "समजा, पूर्णक फितूर नाही," तो म्हणाला आणि अडखळला. "फितूर असता, तर पळाला असता. आम्ही खडकापाशी पोहोचलो तेव्हा हा छातीभर पाण्यात गलबताचा दोर धरून उभा होता. तळहातांची सालटी निघाली होती. मी स्वतः पाहिली." तो राजाकडे वळला. "महाराज, गलबत फोडणारा ते वाचवायला एवढा झगडेल कशाला? सगळे माझ्या डोळ्यांसमोर होते हो! मी एका निरपराध्याला मारायला निघालो होतो."

त्याने स्वतःच्या हातांनी पूर्णकाच्या दोऱ्या सोडल्या. सभेत एकच जयघोष झाला. यापुढे आरोपीच्या बाजूने कोणी बोलल्यावाचून शिक्षा नाही, असे राजाने तिथल्या तिथे फर्मावले. पाठशाळेची मंडळी तर भर रस्त्यात गात नाचू लागली, आणि म्हातारे रब्बी सगळ्यांत पुढे! दुसऱ्या दिवशी वज्रसेन पाठशाळेत मिठागरातल्या एका मजुरासमोर वादाला बसला आणि सपाटून हरला.

भिक्षूंना ही पूर्वजन्मीची कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आजचा आनंद. पूर्णक म्हणजे मोग्गल्लान. आपली चूक भरसभेत कबूल करणारा वज्रसेन म्हणजे हा सारिपुत्त, आणि तो रब्बी मीच होतो. ज्याला आपण दोषी ठरवले, त्याच्या बाजूने मनापासून विचार करणे, ही प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता होय."