उजवी रिकीब

“नुसतं खोगीर घालून मोकळं सोडायचं, एवढंच? मग मी बसू कधी?” हैबतीने विचारलं.

रोशनशा फकीर चिंचेखाली बसले होते. नजर कुंपणातल्या शिंगराकडे.

“घाई कसली? आधीचा उतरू दे.”

हैबती हसला. कुंपणात शिंगरू एकटंच होतं.

अवखळ घोडी सरळ करावीत तर हैबतीनेच, असा तालुक्यात त्याचा लौकिक. आणि तो सगळ्यांत आधी त्याला स्वतःला पटलेला. हे तांबूस शिंगरू मात्र पाठीवर कुणाला टिकू देईना. त्याच्यावर पहिल्यांदा खोगीर चढलं, तेव्हा हैबतीचा थोरला भाऊ राघोजी बसला होता. मानेवर पडला तो... उठलाच नाही.

आता या खेपेलाही शिंगराने स्वार झुगारला, तर वडील बंदूक काढणार होते. आणि शिंगराची आई मेल्यावर त्याला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं ते हैबतीने.

खोगीर राघोजीचंच होतं. फकिरांनी मुद्दाम तेच आणायला सांगितलं होतं.

टळटळीत दुपार. चिंचेवर एकही पाखरू बोलत नव्हतं. शिंगरू गोल धावत होतं, पण हुंदडत नव्हतं. लगाम नसताना वळत होतं. टाच लागावी तसं मधूनच उसळत होतं.

“रिकिबी बघ,” फकीर म्हणाले.

हैबतीने बघितलं. रिकामी रिकीब धावत्या घोड्याच्या कुशीवर आपटत राहते. या दोन्ही सरळ खाली ताणलेल्या होत्या. पाय रोवलेले असावेत तशा.



“बाबा... दादा आहे?”

फकिरांनी मान डोलावली.

“उतरत का नाही तो?”

“कसा उतरेल? तुमच्या घरात उजवी रिकीब कोण धरायचं?”

हैबतीची मान ताठ झाली. थोरला डावीकडून चढणार-उतरणार, तेव्हा खोगीर कलू नये म्हणून पलीकडून उजवी रिकीब ओढून धरायची, हे धाकट्याचं काम. मिसरूड फुटल्यावर त्याने ते चार माणसांत सोडून दिलं होतं. त्यानंतर दादासाठी ती कुणी धरली, की कुणीच नाही, याची त्याने कधी चौकशीही केली नव्हती.

“मी स्वार आहे, बाबा. रिकिबी धरणारा मोतद्दार नाही.”

“बरं,” फकीर म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

...

शिंगरू थांबलं. तोंडाला फेस, चारी पाय लटलटत होते. बाटलीची वाट बघायचं, तसं ते हैबतीकडे बघत राहिलं.

हैबती कुंपणात शिरला. उजवीकडे गेला, वाकला, आणि दोन्ही हातांनी रिकीब खाली ओढून धरली.

पलीकडे कातडं करकरलं. हाताला असा भार आला, की त्याचे गुडघे टेकले.

मग भार गेला.

डावीकडच्या धुळीत काहीतरी अलगद टेकल्यासारखं वाजलं. शिंगराने लांब श्वास सोडला.

हैबती वळसा घालून आला आणि चढला. शिंगरू हललं नाही. मग चालू लागलं, सावकाश, शहाण्यासारखं. कुंपणाला एक फेरी मारून ते चिंचेपाशी येऊन उभं राहिलं. हैबतीचे डोळे भरून आले होते.

“वाचलं हे, बाबा. उतरला दादा.”

फकीर उठून कुंपणात, उजव्या रिकिबीपाशी आले. हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

“आता उतरताना तुझी कोण धरणार, ते सांग.”